प्रतापपूरचा पहिला प्लॉट

मी, लेफ्टनंट कर्नल (निवृत्त) प्रताप दामोदर शेजवलकर, वय एकोणऐंशी, मूळ राहणार पुणे, सध्या मुक्काम मुलगी सुनेत्रा हिच्या घरी, न्यूनेन, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघ्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही. हा कागद फक्त माझ्या भारतातल्या मालमत्तेपुरता समजावा.

१. कोथरूडचा फ्लॅट सुनेत्राला द्यावा. जावई आशुतोष यांनी "विकून टाकू" असे माझ्यादेखत दोनदा म्हटले आहे. खुशाल विकावा, पण मी जिवंत असताना म्हणायला नको होते.

२. मेव्हणे नरेंद्र यांनी माझी दुर्बीण १९९१ साली पक्षी बघायला नेली. पक्षी अजून दिसला नसावा. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी.

३. प्रतापपूर येथील प्लॉट क्रमांक एक, त्यावरील दोन खोल्यांसह. खरे तर याच कलमासाठी मी लिहायला बसलो.

१९७३ साली मी कॅप्टन होतो, नेमणूक कच्छच्या सीमेवर. एकाहत्तरच्या युद्धात गावे सोडावी लागलेले गुराखी जनावरे घेऊन भटकत होते. त्यांना एका तळ्याजवळ वसवून सोमवारचा गुरांचा बाजार भरवायला मी वरिष्ठांकडून मंजुरी मिळवली. बाजार वाढला, गाव उभे राहिले, लोकांनी त्याला माझे नाव दिले. इथवरची हकिगत मी शंभर वेळा सांगितली आहे. त्यापुढची हकिगत मात्र पत्नी शोभा हिलाही, ती गेली तोवर, सांगितली नाही.

त्या गुराख्यांत वेलाभाई रबारी सर्वांत जाणता. तळ्याच्या वरच्या उतारावर मी दोरी धरून, चुना टाकून, बराकींसारख्या सरळ ओळींत चाळीस प्लॉट आखले; पहिला स्वतःसाठी ठेवला. तो म्हणाला, "साहब, ये जमीन तालाब की है. पानी इसी पर चलके आता है." मी म्हणालो, "तुम गाय संभालो." दुसऱ्या दिवशी तो आखणीच्या खुंट्या उपटताना सापडला. मी सगळ्यांसमोर त्याचे नाव प्लॉट मिळणाऱ्यांच्या यादीतून कापले. तो बायकोमुले आणि अकरा गाई घेऊन निघून गेला. मी थांबवले नाही. ओळी किती सरळ आल्या, हेच मी बघत होतो.

उतारावरून येणारे पाणी घरांनी अडवले आणि पाच पावसाळ्यांत तळे आटले. आज प्रतापपुरात गुरांना टँकरचे पाणी पाजतात आणि माझा अर्धपुतळा बसवायचा म्हणून पंचायतीचे पत्र येते.

मागच्या वर्षी नातू निहारबरोबर नदीकाठी फिरताना मी विचारले, "एवढी जागा रिकामी, इथे घरे का नाहीत?" तिथे नुसत्या गाई चरत होत्या. तो सायकलवरून न उतरताच म्हणाला, "आजोबा, दॅट्स फॉर द वॉटर." दहा वर्षांच्या पोराला जे ठाऊक, ते मला एका माणसाने समोर उभे राहून सांगितले होते. मी बाकावर बसलो आणि रडलो. निहार घाबरला.

मग वेलाभाईचा मुलगा शोधून काढला. वेलाभाई बारा वर्षांपूर्वी वारले. फोनवर माफी मागितली आणि हा प्लॉट तुझ्या नावे करतो म्हणालो. तो म्हणाला, "साहब, बापू को वो जमीन चाहिए ही नहीं थी."

म्हणून माझी इच्छा अशी: दोन्ही खोल्या पाडून पाया उकरून काढावा. जागा ग्रामपंचायतीकडे द्यावी, अट एकच, तिथे कोणी काही बांधू नये. पुतळाही नको. चाळिसांतला एक प्लॉट मोकळा करून तळे भरणार नाही, हे मला कळते. बाकीच्या एकोणचाळीस घरांत माणसे राहतात आणि ती मीच वसवलेली आहेत.

स्थळ: न्यूनेन. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५.

सही: प्रताप दामोदर शेजवलकर

वरील सही कर्नलसाहेबांनी आम्हा दोघांसमोर, कलम तीन मोठ्याने वाचून दाखवल्यावर केली.

साक्षीदार: १. देवदत्त खळदकर, आइंडहोवन
२. भार्गवी नाडकर्णी, ब्रेडा