खांबाखालची अर्थिंग

प्रिय भिंगरी,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून नाक मुरडू नकोस, आधी वाच. बाबा ठणठणीत आहेत. गुडघा तेवढा कुरकुरतो आणि त्याच्या जोडीला तेही. माझं मोटार वाइंडिंगचं काम बरं चाललं आहे. पुढच्या खोलीत जळलेल्या पंपांची रांग आणि घरभर वॉर्निशचा वास. तुझं काय चाललंय ते विचारत नाही, कारण या घरात त्याखेरीज दुसरा विषयच नसतो.

तुझ्या दुपारच्या हवामानवार्तेची वेळ झाली की इथे काय व्हायचं, याची तुला कल्पना नाही. बाबा आधी फ्रिज बंद करायचे. मग पंखे, पाण्याचा फिल्टर, सगळे एलईडी दिवे, माझ्या फोनचा चार्जर. शेवटी माझं वाइंडिंगचं मशीन. मग कॉइल अर्धवट गुंडाळलेली असो नाहीतर गिऱ्हाईक दारात उभं असो. का, तर रेडिओ खरखरतो आणि लेकीचा आवाज ऐकू येत नाही. दुसरी लेक समोर घामाघूम होऊन बसली आहे, तिचं काय? एकदा मी म्हटलंसुद्धा, की बाबा, मीही हवामान सांगते, उकडतंय. त्यांनी हातानेच गप्प बसवलं.

हो, जळते मी तुझ्यावर, आणि लहानपणापासून जळते. जहाजावरच्या वायरलेस रूममधून बाबा सुट्टीवर आले की हेडफोन तुझ्या कानाला आणि पक्कड माझ्या हातात. सगळे म्हणायचे, थोरली कामाची, धाकटी हुशार. कामाची म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं. तू दूरच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात बोटींना वारा-लाटा सांगायला लागलीस आणि बाबांचा ऊर भरून आला. मी त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, त्याने कुणाचा ऊर कशाला भरेल? पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

तर मी ठरवलं, ही खरखर आपणच घालवायची. तुझ्यासाठी नव्हे हं, गैरसमज नको. बाबांनी एकदा तरी माझ्याकडे वळून शाबास म्हणावं म्हणून. अंगणातल्या खांबावरची नवी अँटेना तू पाहिलेली नाहीस. काडेपेटीएवढी डबी आणि आत छोटासा अँप्लिफायर, बस्स. एवढीशी अँटेना एकटी ऐकत नाही. तिच्या केबलचं जाळीदार आवरण हाही तिचाच अर्धा भाग. आणि बाबांनी ते आवरण घरात आणून मीटरशेजारच्या अर्थिंगला घट्ट आवळलं होतं. जहाजावरची सवय! तिथे सगळं लोखंडी सांगाड्याला बांधायचं आणि सांगाडा समुद्रात, त्याहून चांगली अर्थिंग कुठली? पण आपलं घर काही समुद्रात नाही. त्या तारेवर फ्रिजपासून माझ्या मशीनपर्यंत सगळ्यांच्या खरखरीचा कचरा, आणि तोच केबलच्या आवरणावरून चढून थेट खांबावर. बाबा आकाशाला कान लावून बसायचे आणि ऐकायचे आपलंच स्वयंपाकघर.

मला हे कळलं ते त्या अर्थिंगचा गंजलेला स्क्रू साफ करायला सोडवला तेव्हा. खरखर एकदम निम्मी. बाबांना पटेना. अर्थिंग कधी काढतात का, वेडी की काय, म्हणून ओरडले. मी म्हटलं, काढत नाही, फक्त हलवते. खांबाच्या पायथ्याशी ओल्या मातीत तांब्याचा रॉड ठोकला आणि केबलचं आवरण तिथेच त्याला जोडलं. तिथून घरात येणारी केबल फेराइटच्या, म्हणजे चुंबकासारख्या काळ्या पदार्थाच्या, जाड कडीवर वेढे देऊन गुंडाळली, म्हणजे घरातला कचरा वाटेतच अडतो. वेढे घालण्यात माझा हात कोण धरणार? अँटेनाचा भिकार अडॅप्टर काढून बॅटरी लावली. दुसऱ्या दिवशी पंखे चालू, फ्रिज चालू, माझं मशीनही चालू, आणि तू शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी स्वच्छ. बाबा वळले आणि म्हणाले, "शाबास गं." मी आत जाऊन तोंड धुऊन आले. रडले असं म्हणणार नाही.

पण माझं सुख कधी टिकलंय? बाबांचा कान तुला माहीत आहे. दोन-चार दिवस ते डोळे मिटून ऐकत राहिले, मग मला जवळ बसवलं. "ऐक. 'वायव्येकडून' म्हणताना ती रोज त्याच जागी श्वास घेते. काल वारा पडलेला होता, आज वादळ आहे, आवाज तोच. हे कुणी वाचत नाहीये गं, तुकडे जोडलेत." आणि मग खिडकीकडे बघत म्हणाले, "बरी आहे ना ती?" फोन कर म्हटलं की तूच म्हणायचीस ना, रोज तर ऐकता मला, फोन कशाला? म्हणून आम्हीही रोज ऐकत होतो.

तुझा नंबर लागेना, म्हणून मी तुझ्या केंद्रात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, तुझे शब्द रेकॉर्ड करून ठेवलेत, कॉम्प्युटरच ते जोडून बोलतो, आणि तू नोकरी सोडून केव्हाच गेलीस. खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. घराघरात जिचं कौतुक, ती लाडकी लेक घरच्यांना न सांगता पसार! ते बरं वाटणं त्या दुपारपर्यंतच टिकलं. वेळ झाली आणि बाबांनी रेडिओ लावला. नुसते तुकडे आहेत हे माहीत असूनही लावला, आणि शेवटपर्यंत ऐकला. तुझ्या त्या तुकड्यांचासुद्धा मला हेवा वाटला बघ. बाईंनी तुझा पत्ता दिला नाही, पत्र मात्र पुढे पाठवते म्हणाल्या, म्हणून हे पत्र. बाबांना मी सांगितलंय की तू रजेवर आहेस. त्यांनी मान हलवली, पण विश्वास ठेवलेला नाही. नोकरी का सोडलीस, कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, मी विचारणार नाही आणि त्यांनाही विचारू देणार नाही. तू फक्त घरी ये. तू आलीस की ते माझ्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी जळीन, भांडी आपटीन, तुला मुद्दाम गार भाजी वाढीन. तरी ये.

तुझीच जळकुकडी,
ताई