तिनं विचारलेलं एकच

५ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर हे बोलवत नाही, पलीकडच्या खोलीत पिल्लू असतो, म्हणून पत्र. काल कॉलेजातली ती बैठक झाली आणि सगळं मुसळ केरात गेलं.

तुला ठाऊक आहेच, त्याच्या वर्गातली ती मुलगी अभ्यासिकेत डोकं टेकून झोपली होती आणि माझ्या शहाण्या लेकानं तिच्या अंगाला हात लावला. ती जागी झाली, नको म्हणाली, तरी थांबला नाही. लिहितानाही लाज वाटते. तिनं पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं, समोरासमोर बसायचं तिनंच निवडलं. तिला ना माफी हवी होती ना शिक्षा. एकच विचारायचं होतं, की मी नको म्हटलेलं तुला ऐकू आलं होतं का. पिल्लू पहिल्यापासून सांगतोय, आलं नाही.

कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी महिनाभर त्याची तयारी करून घेतली. मलाही बजावलं होतं, तो गप्प बसला तर बसू द्या. मधे टेबल नाही, नुसत्या गोल मांडलेल्या खुर्च्या. मुलीसोबत तिची खोलीवरची मैत्रीण होती. मग मुलीनं ते विचारलं. हा आपला जमिनीकडे बघत बसला. तिची बोटं पिशवीच्या पट्ट्यात रुतलेली, मला ते बघवेना. मी हात जोडले आणि म्हटलं, की पोरी, चुकलं त्याचं, त्याच्या वतीनं मी माफी मागते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि उठून गेली. आईच्या वयाच्या बाईनं हात जोडले, त्याचंही काही नाही? तूच सांग, माझं काय चुकलं?

तुझ्या गुडघ्याला आराम पडला का? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

गुडघा कुरकुरतोय, पण हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या फेऱ्या त्याला विचारून थोड्याच होतात.

तू विचारलंस म्हणून सांगते, राग आला तर येऊ दे. पार्सल कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसून तू दिवसभर दुसऱ्यांनी फोडलेल्या-हरवलेल्या वस्तूंची माफी मागतेस आणि गिऱ्हाईक निवळून घरी जातं. तीच सवय तू त्या खोलीत नेलीस. ती मुलगी गिऱ्हाईक नव्हती गं.

लहानपणी शाळेत बाईंनी पिल्लूला काही विचारलं, की उत्तर तुझं. मी चिडवायचे, याच्या लग्नात होकारसुद्धा ताईच देईल. आता हसू येत नाही. दाढीमिशीचा बाप्या झाला तरी तुझं आपलं पिल्लूच. तू माफी मागितलीस तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, हे तू लिहिलं नाहीस. तिनं ते पाहिलं असणार.

त्या पोरीनं केवढा हिय्या करून विचारलं असेल. तो माझाही आहे, माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय, म्हणून तर जीव तुटतो. समुपदेशक बाईंना भेट. मुलीची इच्छा असली तरच पुन्हा बसता येईल का विचार, आणि या खेपेला तू घरी राहा.

तोंडाळ असले तरी तुझीच आहे, मनात अढी धरू नकोस.

धाकटी

३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्यावर फार चिडले. फाडूनच टाकणार होते. पण खोटं कशाला बोलू, मी हात जोडले तेव्हा तो सुटल्यासारखा दिसला होता. मला दिसलं होतं.

बाईंना भेटले. त्यांनी मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, की एकदा विचारायलाच सगळं बळ गेलं, पुन्हा नाही जमणार. तिनं कॉलेज सोडलंय. इकडून कुठलाही निरोपसुद्धा नको, असं सांगून गेलीय, आणि बाई तिचा शब्द मोडणार नाहीत.

काल संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तो दारात येऊन उभा राहिला. बोलायला लागला आणि अडखळला. दर वेळी शब्द माझ्या अगदी ओठांवर यायचा. मी टॉवेल तोंडाशी धरून बसले. मग म्हणाला, ऐकू आलं होतं. ती पहिल्यांदा नको म्हणाली तेव्हाच ऐकू आलं होतं.

मी त्याला जवळ घेतलं नाही. जेवायला वाढलं, तो जेवला नाही. उद्या बाईंसमोर जाऊन हेच सांगणार आहे, एकटा. पुढे कॉलेज काय करायचं ते करील.

रागावलीस तरी लिहीत जा. जे ऐकायला ती पोर त्या खुर्चीत बसली होती, ते मला ऐकायला मिळालं गं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

तुझी ताई