डावा पाय आणि टांबाचचा उतार

४ ऑगस्ट

मेलोच होतो आज! टांबाच घाटाच्या उतारावर दुसरा गिअर टाकायला क्लच दाबला — आणि पाय तिथंच राहिला. दाबलाय की सुटलाय, काही कळेना. गाडी मोकळी सुटली, सरळ दरीकडे. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. कड हातभर उरली होती.

शेजारी बायको. सेलिना किंचाळली नाही. गाडी थांबल्यावर एवढंच म्हणाली, "उतरा. पाय दाखवा."

६ ऑगस्ट

मणक्यात नस दबलीय. डाव्या पायाची जाणीव परत यायची नाही. डॉक्टर हसत म्हणतो, "गुरुजी, ऑटोमॅटिक घ्या की! तिला डावा पाय लागतच नाही."

याला काय कळतंय, डोंबल!

१० ऑगस्ट

जेरोपनं नैरोबीहून ऑटोमॅटिक धाडली. पांढरी, जपानातनं आलेली. पोरीचा जीव आहे माझ्यावर, कळतं मला. फोनवर म्हणाली, "बाबा, आता नुसतं बसायचं. सगळं गाडीच बघते."

मग मी कशाला हवा?

चालवून पाहिली. चढावर ही बया मला न विचारता गिअर बदलते! जुनीचा नुसता आवाज ऐकून समजायचं, आता तिसरा मागतेय, आता दुसरा. वर्गात पोरं ऐकायची नाहीत, घरात सेलिना ऐकत नाही. माझं ऐकणारी ती एकटीच होती.

११ ऑगस्ट

मक्याच्या पिठाची उगाली, रोजचीच, पण घशाखाली उतरत नाही.

१३ ऑगस्ट

शनिवारी बारासा येतोय, जुनी गाडी विकत न्यायला. सेलिना म्हणते, "लोखंडासाठी रडताय? सासूबाई गेल्या तेव्हा एवढे रडला नव्हतात."

लागलं मला. हो, रडतोय! निवृत्त झालो, पोरं लांब गेली. त्या वळणांखेरीज माझ्याकडे उरलंय काय? उद्यापासून मी नुसता सामानासारखा बसून फिरणार. देवा, त्यापेक्षा त्या कडेवरून गेलो असतो तर बरं झालं असतं.

खोडणार नाही हे वाक्य.

१६ ऑगस्ट

बारासा आला तसा परत गेला. जुनीची किल्ली सेलिनाकडे — आणि सेलिना स्टिअरिंगमागे!

"माहेरी गव्हाच्या रानात ट्रॅक्टर चालवायचे मी. एकतीस वर्षांत विचारलंत कधी? चला, बसा डावीकडे. क्लच माझा, गिअर तुमचा."

पहिल्याच वळणाला मी गिअर उशिरा टाकला. केवढ्यानं ओरडली माझ्यावर!