तुझ्या नावाची गोधडी

आदंबाक्कम, चेन्नई
९ मार्च २०२५, रविवार

चि. मकरंद यास अनेक आशीर्वाद.

आधी तक्रार नोंदवतो, मग ख्यालीखुशाली. तुझा पत्ता हा एक अतिदीर्घ समास आहे. टॉवर, विंग, फेज, मागे काय, समोर काय. त्याचा विग्रह करता करता पोस्टाच्या लेबलावरची जागा संपली आणि पिनकोड मला खोक्याच्या बुडाला लिहावा लागला. आपल्या बाबांचा पत्ता तीन शब्दांचा होता आणि त्यांना पत्रं यायची. तुझा पाच ओळींचा आहे आणि तिथून काहीच येत नाही. असो. सव्वीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवून मला टोमणे तेवढे शुद्ध मारता येतात.

इकडे उन्हाळा सुरू झालाय. सकाळी दहालाच नळाला कढत पाणी येतं. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे. आई तिच्या मानाने बरी.

गोधडीचं पार्सल काल टाकलं. आई तुझ्यासाठी गोधडी शिवतेय हे मी जानेवारीत फोनवर सांगितलं, तेव्हा तू ‘वॉव, हँडमेड!’ म्हणालास आणि फोटो मागितलास. फोटो मी पाठवला नाही. तुला वाटलं असेल, दादाला व्हॉट्सॲप जमत नाही. जमतं.

खोक्यात ती मावेना. कडुलिंबाचा पाला घालून, गुडघा देऊन दाबली. वहिनीने हात लावला नाही. सुतळी मागितली तर लांबूनच फेकली आणि म्हणाली, “तुम्ही हे पाठवताय? जिवंत माणसाला?” मी म्हटलं, “मग काय करू?” ती म्हणाली, “जाळा. नाहीतर नदीत सोडा. पण भाऊजींच्या घरात नको.” पोस्टातल्या रंजनीबाईंनी तमिळमध्ये विचारलं, “सार, गिफ्टा?” मी ‘आमाम’, म्हणजे ‘हो’, म्हणालो आणि फॉर्मवर ‘वापरलेले कपडे’ असं लिहिलं. दोन्ही खरं आहे.

हे पत्र उद्या स्पीड पोस्टने टाकतो, म्हणजे पार्सलच्या आधी पोचेल. आता जे सांगायचं ते सांगतो.

दिवाळीला ‘नक्की येतो’ असं तू आईला फोनवर म्हणालास. त्याआधीच्या तीन दिवाळ्यांनाही म्हणाला होतास, पण त्या ती विसरली. विसरणं हा तिचा आजार. ही एक मात्र तिने धरून ठेवली. वसुबारसेपासून ती इस्त्रीचं पातळ नेसून दाराशी खुर्ची टाकून बसली. जेवायला बोलावलं की म्हणायची, “मकरंद आल्यावर.” पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी वहिनीने भरवायला घेतलं तर तिने ताट ढकललं. तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, पाणीसुद्धा घेईना. तुला फोन लावला. तू मीटिंगमध्ये होतास. संध्याकाळी तुझा मेसेज आला, की रिलीज आहे, यंदा जमत नाही, आईला सांग.

मी सांगितलं. म्हणालो, “आई, मकरंद वारला. आता जेव.”

आणि ती जेवली, मकरंद. रडत रडत, पण दोन वाट्या ताकभात. मी समोर बसून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

सकाळपर्यंत विसरेल असं मी धरून चाललो होतो. ती माझं नाव विसरते, बाथरूमचा रस्ता विसरते. सकाळी उठली आणि विचारलं, “त्याचं शय्यादान झालं का रे?” तू कॉम्प्युटरवाला, म्हणून सांगतो: तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावाने अंथरूण-पांघरूण ब्राह्मणाला देतात. मला ‘झालं’ म्हणता आलं असतं. पण तिला कशात तरी गुंतवावं म्हणून मी म्हणालो, “राहिलंय. पांघरूण नाही.”

तिने त्याच दुपारी पेटी उघडली. स्वतःची पातळं फाडली. तुझा शाळेतला निळा सदरा तिने इतकी वर्षं जपला होता, तो मध्यभागी लावला. चार महिने ती शिवत होती. आपल्या गोधड्यांच्या चार कोपऱ्यांना ती लाल कापडाच्या फुल्या लावायची, आठवतं? हिला एकही लाल तुकडा नाही. हात थरथरतात, पण टाका सरळ. त्या चार महिन्यांत ती वेळेवर जेवली, रात्री झोपली, दाराशी एकदाही गेली नाही. शेजारच्या कुमुदिनीबाईंना तिने सांगितलं, “माझा धाकटा गेला.” त्या पांढरी साडी नेसून भेटायला आल्या. मी हात जोडून त्यांचं सांत्वन स्वीकारलं. तू कसला हुशार होतास, हेही सांगितलं.

तू फोन केलास तेव्हा प्रत्येक वेळी ‘आई झोपलीय’ असं मी म्हणालो. चार महिने. म्हातारं माणूस इतकं झोपत नाही. तुला एकदाही शंका आली नाही, याचा मला तेव्हा राग यायचा. थोडा आनंदही व्हायचा. निदान इथे तरी तू मेला होतास, आणि मी एकटाच तिचा मुलगा होतो.

गुरुवारी शेवटचा टाका पडला. तिने घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चांगल्या माणसाला दे. उगाच कुणालाही नको.” तुझ्याखेरीज मला दुसरं कुणी सुचलं नाही. तिने इतकं नीट शिवलेलं मला जाळवेना. पांघरू नकोस. कपाटात ठेव, काय वाटेल ते कर.

मी तिला खरं सांगून पाहिलं. तीनदा. “आई, मी खोटं बोललो, मकरंद जिवंत आहे, पुण्यात आहे.” तिन्ही वेळा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. परवा म्हणाली, “मलाही तसंच वाटतं रे. पण मनाला समजवायचं.”

डॉक्टर म्हणतात, हृदय फार थकलंय, पावसाळा निघणं कठीण आहे. तू लगेच निघून ये. मात्र तू दारात उभा राहिलास तर ती तुला ओळखेल, की घाबरेल, हे मला माहीत नाही. पोटचा पोर आपल्या आधी गेला असं समजून ती जाईल आणि ते तिला मी सांगितलेलं असेल, याची मला भीती वाटते. फार भीती वाटते.

तुझा थोरला भाऊ,
सुधींद्र