डाळिंबी सोफ्याचा मळ

४ मार्च, सोमवार
नोकरीला रामराम ठोकला ते बरंच झालं. सोफे-गालिचे धुणारे गल्लोगल्ली आहेत, पण अभ्यास कुणाचाच नाही. आज धुलाईच्या मशीनला लावायचं हातातलं टूल घेतलं. दुकानदाराने दोन दाखवली. अरुंद सोफ्यासाठी, रुंद गालिच्यासाठी. रुंद घेतलं. निम्म्या वेळात काम! शिवाय त्याला पारदर्शक खिडकी आहे, ओढलेला मळ डोळ्यांनी दिसतो. सोफ्यावर हे पाणी फार सोडतं, म्हणाला. त्याने जन्मात कधी सोफा धुतलाय?

५ मार्च
घरच्या सोफ्यावर सराव. सोफा गच्च ओला. सगळे खुर्च्यांवर.
ही म्हणाली, आधी मागच्या बाजूला ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का बघायचं असतं, मशीनच्या पुस्तकात आहे. तुम्ही वाचलंत ना? चाळलंय. उद्यापासून रोज सकाळी तासभर वाचन. नक्की.

७ मार्च
वाचन सोमवारपासून.
मोठं काम मिळालं! हिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा सोफा. हिनेच शब्द टाकला. बाई कडक. हिला सुपरवायझर करायचं की नाही, तेही त्यांच्याच हातात. म्हणून हिने तीनतीनदा बजावलं, टेस्ट केल्याशिवाय हात लावू नका. मी खेकसलो, मला शिकवतेस का? नंतर वाईट वाटलं. पण आता काय बोलणार.

९ मार्च, शनिवार, दुपार
मखमली सोफा, डाळिंबी. टेस्ट करणारच होतो, पण बाई समोरच उभ्या. फडकं घासत बसलो असतो तर नवशिका वाटलो असतो. सरळ टूल लावलं. आणि खिडकीत बघतो तर काय, लालभडक पाणी! इतका मळ मी आयुष्यात पाहिला नव्हता. बाईंना जवळ बोलावून दाखवला. म्हटलं, बघा, कशावर बसत होतात! बिचाऱ्या ओशाळल्या. मला भलतंच समाधान वाटलं. पुन्हा एक हात फिरवला, अजून मळ. बादली भरली.

९ मार्च, संध्याकाळ
मळ नव्हता.

१० मार्च
बाईंनी फोटो पाठवला. सोफा मधोमध गुलाबी, कडेने डाळिंबी. फोन करून समजावलं, की मूळ रंग हाच असणार. त्यांनी फोन ठेवला.
त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्याचा रंग दाखवून मी त्यांना लाजवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. हिला सांगायला दोनदा उठलो. ती पेपर तपासत होती. उगाच व्यत्यय नको.

११ मार्च, सोमवार
वाचन नाही.
ही उशिरा आली. बाई म्हणे स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत बोलल्या, तुमच्या नवऱ्याने साधी टेस्टसुद्धा केली नाही. ही उसळली. म्हणाली, ते असं करणारच नाहीत, तुमचं कापडच हलकं असेल. शब्दाला शब्द वाढला. सुपरवायझरचं आता विसरा, असं मलाच म्हणाली, वर हसली. मला तोंड वर करवेना.
मग चपला काढता काढता तिने विचारलं, टेस्ट केली होतीत ना?
मी म्हणालो, दोनदा.
मग झालं तर, म्हणाली, आणि माझं पान वाढायला गेली.