हळू चालवलेली गाडी

रविवार, २३ मार्च

थोरल्या ठमाबाईंस आणि मांडीवरच्या धाकट्या ठमाबाईंस,
पोटभर आशीर्वाद.

इकडे मी खुशाल आहे. गुडघे आपापल्या वेळी कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, पत्राला ते जमत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. पोर उठली तर बाजूला ठेव, पण टाकून देऊ नकोस.

तर आधी गाडीची बातमी. धुराच्या तपासणीत ती सपशेल नापास झाली. मागून असा काळाकुट्ट धूर, की तपासणारा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आजी, ही चालवता की हिच्यावर स्वयंपाक करता?" मला आजी म्हणाल्याचा राग जास्त आला. धूर थांबेपर्यंत गाडी दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणायची, असं त्याने बजावलं. तू तर बाबा गेल्यापासून म्हणतेयस, भंगारात काढ. मी "बघू" म्हणत आले. माझं "बघू" म्हणजे काय, ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

गॅरेजवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं जातंय, पण हवा कमी पडतेय. श्वास कोंडलाय हिचा." आठवडाभर ठेवून जा म्हणाला. बाबांनी ही गाडी एक रात्रसुद्धा कुणाकडे ठेवली नव्हती. म्हटलं, काय काय काढायचं तेवढं सांगा, घरी करते. तो हसला. हसेना का.

अगं, आपल्या रविवारच्या सकाळी आठव. बाबा गाडीखाली, नुसते पाय बाहेर, आणि मी शेजारी स्टुलावर टॉर्च धरून. "पाना दे" असंही म्हणायचे नाहीत, फक्त हात बाहेर यायचा. मी त्यावर बरोबर तोच पाना ठेवायची. चुकला तर हात तसाच उघडा राहायचा. तू पायरीवर बसून आम्हाला हसायचीस. त्यामुळे कुठल्या नटाला कुठला पाना, हे मला तोंडपाठ आहे. स्वतः कधी फिरवला नव्हता, एवढंच.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर दारातच मांडामांड केली. हवेचा फिल्टर काढला, तर तो जोडे पुसायच्या फडक्यासारखा झालेला. नवा घातला. मग टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप चाचपला. वरून धडधाकट, खालच्या अंगाला मात्र बोटभर चीर. बिचारा टर्बो हवा ढकलतोय आणि ती वाटेतच गळतेय! तो पाइप बदलला. मग राहिली ती झडप, जी थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडते. तिच्यात काजळीचा असा चिकट थर, की करंगळी जाईल एवढीच वाट उरलेली. रबरी हातमोजे घातले आणि जुना टूथब्रश नि क्लीनरचा फवारा घेऊन दुपारभर घासत बसले. शेजारीण डोकावली, "भांडी घासताय का?" म्हटलं, "हो, ह्यांचं एक राहिलं होतं."

सगळं परत जोडलं, देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. घरघर, दोन गचके आणि बंद. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ठमे, बाबा गेले, आणि त्यांची गाडी मी माझ्या हाताने संपवली, असं वाटलं. पायरीवर बसून रडले. मग डोळे पुसून हत्यारं आवरायला लागले, तर पेटीत एक मोजा. एकटाच.

आठवलं ना? पाइप उघडा असताना आत काही पडू नये म्हणून बाबा त्यात जुना मोजा कोंबायचे. आणि त्याचा जोडीदार स्टिअरिंगला बांधायचे, म्हणजे पहिला काढल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. मी पहिला कोंबला, दुसरा बांधलाच नाही. एवढंसं काय विसरायचंय, असा माझा तोरा. धावत जाऊन पाइप सोडवला. मोजा आतच, ओढ लागून पार पुढे सरकलेला. आणखी थोडा सरकला असता तर खरंच संपलं होतं. इतकी हसले की पुन्हा रडायला आलं. ह्या वेळी मात्र बरं वाटलं.

गाडी सुरू झाली. धूर पुष्कळ कमी, पण होताच. गॅरेजवाला येऊन बघून गेला. आता हसला नाही. म्हणाला, "उरलीय ती टर्बोच्या पोटातली काजळी. गाडी चांगली गरम करा, मोकळ्या हायवेला खालच्या गिअरमध्ये दामटा, आपोआप जळेल." मग म्हणाला, "एक विचारू? कोण चालवायचं ही? एवढी काजळी फार हळू चालवलेल्या गाडीत धरते. हिला कधी कुणी ओरडूच दिलं नाही का?"

त्याला काय सांगणार? तुला सांगते.

गाडी आणि तू एकाच वर्षी घरात आलात. तू झोपायचीच नाहीस. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, पाळण्यात तर नाहीच. झोपायचीस ती फक्त गाडीत. बाबा कामावरून आले की चहासुद्धा न घेता तुला-मला मागच्या सीटवर बसवून फिरवायचे. इंजिनाचा आवाज चढला की तू दचकायचीस, आणि मी मागून "हळू हो!" म्हणायची. मग ते शिकले. पाय नुसता टेकवायचा, गिअर लवकर बदलायचा. पुढे तू शाळेत गेलीस, मग कॉलेजात, मग त्या तिकडे लांब. त्यांचा पाय तसाच राहिला. एकदा मी म्हटलंही, "आता मागे कुणी नाही, पळवा की जरा." तर म्हणाले, "असू दे गं. झोपली असेल."

ती काजळी तुझ्या झोपेची होती, ठमे. आम्ही दोघांनी लाडाने धरलेली.

हायवेला मी एकटीच गेले. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तशी गाडी जन्मात पहिल्यांदा ओरडली. मी मोठ्याने म्हटलं, "माफ करा हो!" आरशात आधी काळा ढग, मग करडा, मग नुसता रस्ता. परवा तपासणीत पास झाली. तो म्हणाला, "आजी, कमाल केलीत." ह्या वेळी आजीचा राग आला नाही.

आता जे पहिल्या ओळीपासून टाळतेय ते. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "आई, तू येऊ नकोस. माझं मी बघते. मला शिकवायला कुणी नकोय." मी "बरं" म्हटलं. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण तू फोन ठेवायच्या आधी मला पोरीचं रडणं ऐकू आलं, आणि ती एकटी रडत नव्हती. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही.

गाडी मी विकायला दुरुस्त केलेली नाही. शुक्रवारी सकाळी निघतेय, दुपारपर्यंत तुझ्या दाराशी. वर येणार नाही. घर आवरू नकोस, स्वयंपाक करू नकोस. मी काही शिकवणार नाही, आणि "नुसतं सांगतेय" असंही म्हणणार नाही. हॉर्नसुद्धा वाजवणार नाही. मागे बाळाची सीट पक्की बसवून घेतलीय. तू फक्त तिला घेऊन खाली ये, तिच्याशेजारी बस आणि डोळे मिट.

मी हळू चालवीन. काजळी धरली तर धरू दे. ती काढायची कशी, ते आता मला येतं.

तुझी, आता पुढच्या सीटवरची,
आई