चांगुणाबाईचा अर्ज

९ जानेवारी
सरपंचपद यंदा बायकांसाठी राखीव. म्हणून काल मारुतीच्या देवळात गावातले सगळे पुरुष जमले! निवडणूक नेहमीसारखी बिनविरोध, गावपुढारी दिनकररावांची सून प्रियांका सरपंच — ठरलं. मग एकेकानं भंडारा उचलून शपथ घेतली, "मी अर्ज भरणार नाही." दरवेळची शपथ, दरवेळचेच शब्द. मीही उचलला. राखीव जागेवर आम्हाला अर्ज भरताच येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर वार्ताहर.

१२ जानेवारी
चांगुणाबाईनं अर्ज भरला. मेंढ्या राखणारी, रामकिशनची बायको. पारावर दिनकररावांनी तिला अडवलं.
"तुझ्या नवऱ्यानं भंडारा उचललाय."
"उचलला की. मग ते कुठं उभे राहायलेत?"
पारावर कुणी हसलं नाही. मी घरी येऊन हसलो.

१३ जानेवारी
सकाळीच दिनकरराव दारात. "शास्त्री, तुमी संस्कृत शिकलेले. बायको अर्धांगी न्हाई का? मग नवऱ्याची आन तिला लागू होती का, तेवढं पोथीत बघा."
म्हणालो, "अर्धांगी म्हणजे अर्धीच लागू होईल. अर्धा अर्ज मागं घ्यायची सोय तहसीलला नाही."
चहा न घेता गेले. राजेश्री म्हणाली, "तुमच्या विनोदानं आजवर कुणाचं भलं झालंय?" पत्नीशी वाद घालू नये, एवढं शास्त्र मला येतं.

१५ जानेवारी
ज्यांनी वावर खतवायला मेंढ्या बसवायचं कबूल केलं होतं, त्या सगळ्यांनी नाही म्हटलं. हौदावर पाणी पाजायलाही मनाई. कळप वाड्यात कोंडलेला, ओरडतो आहे. आवाज इथपर्यंत येतो.
तिच्याकडे गेलो. कशासाठी एवढं, विचारलं.
"आमदाराला मत दिलं दादा, खासदाराला दिलं. लग्न होऊन आले तवापासून गावच्या माणसाला एकदा बी न्हाई. गावच्या इलेक्शनला मताचं मशीनच येत न्हाई. एकदा येऊ द्या. कोण कुणाला पायजे ते लोकांला दाबू द्या. पडले तर पडले."
"आणि मेंढ्या?"
"त्यांला कुठं मत हाय? म्हणून तर उपाशी."
रामकिशन खाली बघत होता. काल एक कोकरू मेलं. लोक म्हणतात, आन बाधली.

१६ जानेवारी
बहिष्काराची बातमी पाठवली होती. छापून आलं — 'बिनविरोधच्या परंपरेला गालबोट'. बहिष्कार गायब. फोन केला तर उपसंपादक म्हणतो, "दिनकररावांकडून अभिनंदनाची जाहिरात येणार आहे शास्त्री, समजून घ्या." समजलं. लोकशाहीचा चौथा खांब म्हणे. त्यावर सध्या बॅनर बांधतात.

१७ जानेवारी
दिनकररावांकडे बैठक. उद्या अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. चांगुणाबाईला जीपमध्ये घालून तहसीलला न्यायचं, असा बेत. रामकिशननंही होकार दिला म्हणे. नव्या बॅनरवर सासऱ्यांचा फोटो जीपएवढा, सुनेचा पोस्टाच्या तिकिटाएवढा.
प्रियांका चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"
सासरेच बोलले, "तिचं काय म्हणणं असणार?"
ती कप गोळा करत राहिली. "साखर कमी पडली का, काका?"
बेताबद्दल मी काही बोललो नाही. चांगुणाबाईला मात्र राजेश्रीकडून निरोप गेला. बस, एवढीच माझी मर्दुमकी.

१८ जानेवारी, दुपार
चांगुणाबाई पहाटेच कळप घेऊन नदीकडे निघून गेली. फोन बंद. जीप तिला शोधत फिरतेय. दिनकरराव हार, गुलाल आणि सुनेला घेऊन तहसीलसमोर उभे. अर्ज मागे घ्यायची वेळ तीनपर्यंत. मीही इथंच. ती सापडू नये म्हणून मनात काहीबाही पुटपुटतो आहे.

१८ जानेवारी, संध्याकाळ
तीनच्या आत एक अर्ज मागे निघाला. प्रियांकाचा. साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, कुणाचा दबाव आहे का? "भरताना होता," म्हणाली.
उरला एकच अर्ज. चांगुणाबाई बिनविरोध सरपंच. नदीकाठी धावत जाऊन मीच सांगितलं. ती म्हणाली,
"म्हंजी मशीन येणार न्हाई?"